काळी चार

त्या चिठ्ठीतली ओळ न् ओळ मला आजही पाठ आहे. असायलाच हवी. तिच्यापायी एक निरपराध माणूस बारा दिवस तुरुंगात बसला, आणि त्याला तिथे पोचवणारा कागद माझ्या हस्ताक्षरातला होता.

अशा आठवणी लिहिणारे अधिकारी बहुधा पेन्शनीत निघालेले असतात. मी तशी नाही. काही वर्षं फौजदारकी केली आणि राजीनामा देऊन बाहेर पडले. आता कोठडीतल्या माणसांच्या हक्कांची पत्रकं काढते आणि कुंभकोणमच्या बाजारात उभी राहून वाटते. तेव्हा खात्याबद्दल गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांचं नाव एकदा उगाच खराब झालं, त्यांचं पुन्हा छापायला नको, म्हणून.

आमचं घर तंजावरी मराठी बोलणारं. पूर्वज मराठा राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी निघाली ती परत कधी माहेरी गेलीच नाही. हे जे मराठी तुम्ही वाचताय, ते मी पुस्तकांतून शिकले, आणि फार उशिरा शिकले.

तर प्रकरण असं. पापनाशम् भागात, रस्त्याकडेच्या एका लहानशा देवळातून काळियम्मनचा हातभर उंचीचा पंचधातूचा विग्रह चोरीला गेला. मूर्तीला आमच्याकडे विग्रहच म्हणतात. इकडे विग्रहाची चोरी म्हणजे सायकलची चोरी नव्हे. रोज सकाळी वरून फोन. रोज तेच उत्तर, तपास चालू आहे. तपास कसला चालू होता? आम्ही ओळखीच्या चार चोरांना आळीपाळीने आणून बसवत होतो, एवढंच.

एका दुपारी आमचा खबरी आला. पार्सल ऑफिसात हमाली करायचा. त्याचं म्हणणं असं, की साक्कोट्टैला एका भाड्याच्या घरात परगावचा एक म्हातारा राहतो. त्याच्या नावाने लाकडी खोकी येतात, जड असतात, आणि प्रत्येकावर "नाजूक" लिहिलेलं. गच्चीवर उन्हात तो कसल्याशा औषधाची तसराळी मांडतो. खिडकीतून कथलाचा डाक लावल्याचा धूर येतो. कधी कधी आतून असा आवाज येतो की गायी बिथरतात. पुरावा म्हणून त्याने एका फुटलेल्या खोक्यातून पडलेली चिठ्ठी आणली होती.

आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यासमोर टाकली. स्टेशनात मला सगळे एम्मा म्हणायचे, म्हणजे अगं बाई.

"एम्मा, हे तुझं हिंदी वाच."

"हिंदी नव्हे साहेब. मराठी."

"तेच ते. वाच."

सगळ्या स्टेशनात मराठी येणारी मी एकटी. याची मला घमेंड होती हे कबूल करते. चिठ्ठीत असं होतं: "काळी चार पाठवत आहे. मोडलेली इकडे पाठवा, तिचा साचा घेतो. पांढऱ्या दोन मिळाल्या, रंग जुना आहे पण बसतील. बाजारात बोलू नका, लोक तुटून पडतील. एवढ्याच उरल्या आहेत."

तमिळमध्ये देवीला काळि म्हणतात, 'ळ'ने. आमच्या घरातही देवी ती काळीच. महाराष्ट्रात तिला काली म्हणतात आणि काळी हा नुसता रंग, हे मला कोण सांगणार? मी लिहिलं: चार काळी पाठवत आहे. मोडलेली परत पाठवा, साचा काढतो. दोन पांढऱ्या मिळाल्या. 'पांढऱ्या'पुढे मी कंसात 'चांदीच्या' असं स्वतःच्या पदरचं घातलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. 'चार' म्हटल्यावर 'त्यांचा साचा' हवं होतं, चिठ्ठीत होतं 'तिचा'. शाळेतल्या मुलालाही खटकलं असतं. मलाही खटकलं. मी पुढे गेले.

कुंभकोणमच्या आसपास पिढ्यान् पिढ्या विग्रह ओतणारी घरं आहेत. साचा हा शब्द इथे ऐकला की दुसरं काही मनात येत नाही. साहेबांनी माझा कागद वाचला, टेबलावर थाप मारली आणि जीप काढायला सांगितली.

घराची झडती पंचांसमोर झाली. पुढच्या खोलीत जुने घरगुती संगणक. टीव्हीला जोडून चालवायचे, कळफलकातच सगळं यंत्र असणारे. ज्यांच्या लहानपणी ते आले, त्यांचेही केस आता पिकलेत. त्या संगणकांना लागणाऱ्या कॅसेटी. मागच्या खोलीत सिंथेसायझर, म्हणजे विजेवर चालणारे, स्वर तयार करणारे बाजे, एकावर एक रचलेले. काहींची पोटं उघडी. एका टेबलावर टूथब्रश, व्हिनेगरची बाटली, आतल्या बॅटरीने ओकलेला हिरवा थर खरवडलेली सर्किटची पाटी. गच्चीवर पेरॉक्साइडची तसराळी, त्यांत पिवळी पडलेली प्लास्टिकची झाकणं पुन्हा पांढरी व्हायला उन्हात ठेवलेली. आणि एका फळीवर रबराचे छोटे साचे आणि राळेचा डबा.

"साचे!" साहेब म्हणाले. पुढचं काही बघायची त्यांना गरज वाटली नाही.

घरात राहणारे गृहस्थ टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते. मिरजेकडचे. बायकोला गोविंदपुरमच्या विठ्ठल-रखुमाईची आणि तिथल्या भजनाची ओढ, म्हणून निवृत्तीनंतर दोघं इकडे येऊन राहिले होते. बायको तेव्हा बहिणीच्या आजारपणासाठी मिरजेला गेलेली. ते एकटेच होते. लुंगी, बनियन, चष्म्याला मागून दोरी. आम्ही बाजे खाली फेकू नयेत एवढंच ते सारखं सांगत होते.

चौकशी मी केली. आमच्याकडे एक नियम होता आणि तो मला शहाणपणाचा वाटायचा: चोरीच्या वस्तूचं नाव पोलिसाने आधी घ्यायचं नाही. ते संशयिताच्या तोंडून येऊ द्यायचं. म्हणून विग्रह, देऊळ, मूर्ती, यांतला एकही शब्द मी काढला नाही.

"अस्कें सांगा," मी म्हटलं. अस्कें म्हणजे आमच्याकडे सगळं.

"काय सांगू?"

"अस्कें. कायें लपवूं नका."

ते हसले. "बाई, तुमची मराठी ऐकून बखर वाचतोय असं वाटतं. विचारा."

"काळी कुठें आहे?"

"कुठली? पाच आहेत."

माझं पेन थांबलं. "पाच?"

"पाचच असतात. कुणाकडेही गेलात तरी पाचच."

"काळी चारचें काय झालें?"

"ती मोडली हो. लॉरीत आपटली. मिरजेच्या दोस्ताने दुसरी पाठवली. बसवली मी. आता पाचही जागेवर आहेत."

"साचा कशाला?"

"पुन्हा मोडली तर? इतक्या जुन्या मिळतात कुठे? जिथे झाल्या त्या देशातसुद्धा आता कुणी करत नाही."

"मोडलेली कुठें?"

"टेबलाच्या खणात आहे तुकडा. टाकवत नाही."

तो खण कॉन्स्टेबलने झडतीत उघडला होता. आत बोटभर काळं प्लास्टिक. त्याने खण परत लावला होता. मी एकदा जाऊन पाहिलं असतं तर? नाही पाहिलं. मी जबाब लिहिला, तमिळमध्ये: पाचही काळी ठरल्या जागी ठेवल्या आहेत. त्यांनी विश्वासाने सही केली. पुढे त्यांनी मला सांगितलं, "इतक्या वर्षांत माझ्या यंत्रांबद्दल कुणी इतकं मनापासून विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं."

सहीची शाई वाळायच्या आत अटक. दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं आणि सबजेलमध्ये रवानगी. तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं की पोलीस विग्रह शोधताहेत. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांनी साहेबांना समजावलं, की काळी म्हणजे इंग्रजीतली 'की', 'की'! साहेबांनी बाहेर येऊन हुकूम सोडला: किल्ल्यांबद्दल बोलतोय, कुलूप लावलेली पेटी शोधा. एक अख्खा दिवस आम्ही साक्कोट्टैच्या त्या घराची फरशी ठोकत होतो. विग्रह आत दडवला असेल म्हणून सगळे बाजे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले. वायरी उपसल्या. पंचनाम्यात लिहिलं, "तपासणी केली".

एका वर्तमानपत्राने छापलं: परप्रांतीय विग्रहतस्कर जेरबंद. फोटोत ते डोकं खाली घालून उभे होते, आणि मी त्यांच्या बाजूला, मान ताठ.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांची बायको स्टेशनात आली. मिरजेहून रेल्वेने, बसने, मिळेल त्याने. खांद्यावर पिशवी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आमच्या एट्टय्यांनी, म्हणजे हेडकॉन्स्टेबलनी, तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मराठी येणारी ती मुलगी कुठाय?"

मी पुढे झाले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू होय? काय म्हणाले गं आमचे हे, म्हणून त्यांना डांबलंत?"

मी जबाबाची नक्कल काढली. खरं तर दाखवायची नसते. दाखवली, आणि तोंडाने सांगितलं, की काळी चार कुठून आणली ते सांगत नाहीत.

"काळी चार?" तिने पिशवी खाली ठेवली. "अगं, मी काळी चारात गाते."

"चारांत गातां?"

"काळी चार ही पट्टी, बये! पेटीची पट्टी! काळी एक, काळी दोन, पांढरी चार. सूर सांगायची रीत आहे ती. तुमच्यात काय, गात नाहीत का?"

मला कळेना. आमच्याकडे सूर असा कुणी सांगत नाही. माझा चेहरा बघून तिने डोळे मिटले आणि तिथेच, वायरलेसच्या खरखरीत, तक्रारदारांच्या रांगेसमोर, षड्ज लावला. लांब, सरळ, न थरथरता. टायपिस्टचा हात थांबला. एक बाई रडत तक्रार सांगत होती, तीही गप्प झाली.

एट्टय्या नोंदवहीत डोकं घालून बसले होते. दर एकादशीला गोविंदपुरमला झांज घेऊन जाणारा माणूस. डोकं वर न करता ते म्हणाले, "अंजरै कट्टै."

"काय म्हणालात?"

"अंजरै कट्टै, एम्मा. साडेपाच. अगदी शुद्ध आहे."

तमिळ माणूस सूर कट्टैने मोजतो. पांढऱ्या पट्ट्या एक, दोन, तीन. मधल्या काळ्या दीड, अडीच, साडेचार. कट्टै म्हणजे लाकडाचा ठोकळा, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आईबरोबर कच्चेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, गेले आहे, "गायिकेचं साडेपाच कट्टै आहे" हे वाक्य शंभरदा ऐकलंय. मिरजेत त्याच पट्टीला काळी चार म्हणतात, एवढंच काय ते मला माहीत नव्हतं.

एट्टय्यांना घेऊन मी मुद्देमालाच्या खोलीत गेले. उचकटलेला बाजा समोर होता. त्यांनी बोट ठेवून मोजलं. पांढऱ्या सात, काळ्या पाच. पुन्हा पांढऱ्या सात, काळ्या पाच. एका ठिकाणी चौथी काळी इतरांपेक्षा जरा जास्त काळी होती. नवी बसवलेली. दाबून पाहिली. आवाज आला नाही, आतल्या वायरी आम्हीच तोडल्या होत्या.

"पाचही जागेवर आहेत," एट्टय्या म्हणाले. त्यांना माझा जबाब माहीतही नव्हता.

त्याच दुपारी मी सुधारित भाषांतर लिहिलं. साहेबांनी ते वाचून खिडकीबाहेर बघितलं. जामिनाला विरोध न करायचं त्यांनी कबूल केलं, आणि बाराव्या दिवशी ते गृहस्थ बाहेर आले. वाचकांना वाटेल, संपलं. संपलं नव्हतं. आता प्रकरण बंद करायचा अहवाल कोर्टात जायचा होता, आणि त्यात कारण काय लिहायचं हा प्रश्न होता.

"पुरावा अपुरा," साहेब म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

ते गृहस्थ बायकोला घेऊन स्टेशनात आले होते. साहेबांचं तमिळ त्यांना समजलं.

"नको साहेब. पुरावा अपुरा म्हणजे चोरी केली, सापडली नाही. मी चोरी केलेलीच नाही असं लिहा."

"सुटलात ना? आणखी काय पाहिजे?"

"मला भजनात बसायचंय." त्यांचा आवाज चढला नाही. "मंडळी म्हणतात, देवाच्या मूर्तीचा मामला आहे, आधी कागद आणा. हिलाही बसू देत नाहीत."

ते गेल्यावर साहेबांनी दार लोटलं.

"वस्तुस्थितीबाबत गैरसमज, असं लिहिता येतं. मग कोर्ट विचारेल, गैरसमज कुणाचा?"

"माझा."

"तुझा कागद बघून जीप मी काढली."

"तेही लिहीन."

"बढतीची यादी लागायची आहे, एम्मा. माझीही आणि तुझीही. दोन शब्दांसाठी?"

"त्या माणसाला आत टाकायला आपण दोनच शब्द वापरले साहेब."

साहेब म्हणजे काही वाईट माणूस नव्हता. हेच सांगायचंय मला: आत टाकताना आम्हाला वाईट व्हावं लागत नाही, घाई पुरते. सोडताना मात्र आम्हाला आमची यादी, आमचा शेरा, आमचं सेवापुस्तक, सगळं आठवतं. शेवटी त्यांनी सही केली. अहवालात आलं, की गुन्हा या इसमाने केलेला नाही, भाषांतरातील चुकीमुळे गैरसमज झाला, भाषांतरकार अमुक. मला खुलासा मागणारा मेमो आला. हरवलेला विग्रह अजूनही मिळालेला नाही. ज्या दिवसांत तो मिळाला असता, ते दिवस आम्ही एका सिंथेसायझरचे स्क्रू काढण्यात घालवले.

वर्तमानपत्राकडे मी स्वतः गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी अहवाल वाचून परत दिला. "यात बातमी कुठे आहे?"

मग मी एका छापखान्यात जाऊन साधं एकपानी पत्रक छापून घेतलं. तमिळमध्ये. साक्कोट्टैच्या त्या घरातल्या माणसाने चोरी केलेली नाही. चूक माझी आहे. खाली माझं नाव आणि हुद्दा. गोविंदपुरमच्या रस्त्यावर, साक्कोट्टैच्या चहाच्या टपऱ्यांवर, पार्सल ऑफिसात, सगळीकडे मी ते स्वतः वाटलं. एका टपरीवाल्याने मला विचारलं, "पोलीस माफी मागतात होय? खोटं असेल हे." खात्याच्या नियमात असं काही छापायला परवानगी नाही. चौकशी बसली. ती पूर्ण व्हायच्या आधी मी राजीनामा दिला, आणि त्या दिवसापासून आजवर हेच काम करते आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसं ओळखायला शिकवलं वगैरे काही नाही. त्या चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीपुढे मला लिहिता आलं असतं: अर्थ कळला नाही. सगळ्या स्टेशनात भाषा येणारी मी एकटी होते, म्हणून ते लिहायची मला लाज वाटली. आता कुणाच्याही भाषांतरित जबाबाची नक्कल हातात आली, की मी आधी हे शब्द शोधते. ज्या जबाबात ते एकदाही नाहीत, तो जबाब मी खरा धरत नाही. कोर्टांनीही धरू नये. प्रत्येक चौकशीत आरोपीची भाषा रोज बोलणारा माणूस हजर असलाच पाहिजे, ही आमची मागणी आहे, आणि ती मान्य होईपर्यंत आम्ही बाजारात उभं राहणार आहोत.

मंडळींनी पत्रक वाचलं. त्यांच्यातले एक वृद्ध भागवत, म्हणजे मुख्य भजनगायक, स्वतः साक्कोट्टैला जाऊन दोघांना बोलावून आले. बाई पहिल्याच एकादशीला गेल्या आणि गायल्या. एट्टय्यांनी झांज धरली.

ते मात्र गेले नाहीत. आठवड्यांमागून आठवडे गेले नाहीत. मी घरी गेले तेव्हा ते मागच्या खोलीत आम्ही तोडलेल्या वायरींना एकेक करून डाक लावत होते. मी विचारलं, आता तर कागद मिळाला, मंडळी स्वतः येऊन गेली, मग का जात नाही?

त्यांनी डाकाची सळई स्टँडवर ठेवली. चष्मा कपाळावर सरकवला.

"आधी मी शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसायचो, बाई. कुणी ओळखत नव्हतं. छान ऐकू यायचं." ते पुन्हा वायरीकडे वळले. "आता सगळे ओळखतात."